वाळूवरची चाळीस माणसं

आवडाबाईचा सुकटीचा धंदा तीन गोष्टींवर चालायचा. ऊन, मीठ आणि रद्दी. पहिल्या दोन रेवदंड्यातच भरपूर होत्या. सुकट बांधायची रद्दी मात्र मुंबईहून आगबोटीने यायची आणि तिच्यात काय निघेल याचा नेम नसायचा. कधी वर्तमानपत्रं, कधी कुणा वकिलाचे कागद. एकदा तर चारशे लग्नपत्रिका आल्या होत्या, सगळ्या एकाच लग्नाच्या. ते लग्न झालं की मोडलं यावर कोळीवाड्यात आठ दिवस वाद चालला आणि त्यात एक खरंखुरं ठरलेलं लग्न मोडलं.

१९३१ सालच्या फाल्गुनात जो गठ्ठा आला, त्यात आगगाडीची जुनी वेळापत्रकं होती आणि त्यांच्या मधोमध सुतळीने बांधलेली पाच पुस्तकं. आवडाबाईचा मुलगा सदा बावीस वर्षांचा होता. मराठी सातवी झाल्यापासून कोळीवाड्यातली सगळी पत्रं तोच वाचून दाखवायचा, त्यामुळे गावातल्या भांडणांची खबर त्याला भांडणाऱ्यांच्या आधी असायची. त्याने सुतळी सोडली. पुस्तकांची पानं कडेला कापलेलीसुद्धा नव्हती. म्हणजे ही पुस्तकं छापल्यापासून एकाही माणसाने उघडली नव्हती. सदाला त्यांची दया आली. त्याने मासे साफ करायची सुरी धुतली, न धुतल्यासारखीच, आणि पहिल्या पुस्तकाची पानं कापायला बसला.

पुस्तकाचं नाव होतं ‘चावीचे गलबत’. कर्ता, कोंडाजी रावजी शेडगे.

गलबत आभाळात जाणारं होतं. त्याला शिडं नव्हती, वल्ही नव्हती. त्याला चावी होती, घड्याळाला असते तशी. ती चाळीस वर्षांतून एकदाच द्यावी लागे, पण बारा हात लांब असल्यामुळे फिरवायला चाळीस माणसं लागत आणि गलबतावर माणसं होती बरोब्बर चाळीस. एक जरी कमी पडला तरी गलबत आभाळात थांबणार. म्हणून त्या गलबतावर कुणालाच मरायची परवानगी नव्हती.

सदा अंगणात बसला होता. पाठीमागे वलांडणीच्या दोरांवर बोंबील वाळत होते, कावळे ते पळवत होते. राखण करायचं काम त्याचंच होतं. बेचाळिसाव्या पानावर गलबतातली एक बाई मागे वळून बघते: ‘तिला आपली पृथ्वी भाताच्या एका दाण्याएवढी दिसली. तिने बोट पुढे करून तो दाणा झाकला. मग घाबरून बोट काढून घेतले, कारण त्याखाली तिची आई होती.’

सदाने स्वतःचं बोट बघितलं. मग मान वर करून आभाळ बघितलं, जे रोज तिथेच असायचं आणि ज्याच्याकडे त्याने पाऊस कधी येतो याव्यतिरिक्त कशासाठी बघितलं नव्हतं. अंगावर काटा आला तो तासभर गेला नाही. तेवढ्या वेळात कावळ्यांनी एक अख्खी वलांडणी रिकामी केली.

“आंधळा झालास काय रं?” आवडाबाई ओरडली. “बोंबील कुठं गेलं?”

“आये,” सदा म्हणाला, “आपण सगळी एका दाण्यावर ऱ्हातो.”

आवडाबाईने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग तिने दुसरा हात वापरला.

अशी गोष्ट एकट्याने पोटात ठेवणं कठीण. सदाने पुस्तक उचललं आणि अंबाजीमामाकडे गेला.

अंबाजी आवडाबाईचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं तांडेल होता, म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा. आता दिवाळीपासून पायांना सूज होती आणि ती गुडघ्यापर्यंत आली होती. वैद्याने आवडाबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की अंबाजी पावसाळा बघेल असं वाटत नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं अंबाजीलाही ऐकू आलं, कारण वैद्य बहिरा होता आणि घसा फोडून बोलायचा. तेव्हापासून अंबाजी ओसरीवर खाटेवर बसून जाळी विणायचा आणि कुणाशी फारसं बोलायचा नाही.

सदा वाचायला लागला. दुसऱ्या पानावर अंबाजीने थांबवलं.

“शिडं न्हाईत?”

“न्हाईत मामा. तिथं वारा नसतो.”

“वारा पडलाय?”

“पडला न्हाय. हवाच न्हाय तिथं.”

अंबाजीची लाकडी सुई थांबली. “मग तांडेलाच्या शिव्या खलाशांना ऐकू कशा जातात?”

सदाला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. पुस्तकाला होतं. एकावन्नाव्या पानावर दोन खलाशी चामड्याच्या पिशव्या डोक्यावर चढवून गलबताबाहेर जातात. तिथे आवाज जात नाही, म्हणून बोलायचं असलं की एकमेकांच्या कपाळाला कपाळ टेकतात आणि मग शब्द हाडातून जातो. भांडण झालं तरी कपाळ टेकूनच भांडावं लागतं, त्यामुळे भांडणं फार टिकत नाहीत.

अंबाजीने सदाला जवळ बोलावलं, त्याच्या कपाळाला कपाळ टेकलं आणि तोंड मिटून घशातल्या घशात एक शिवी हाणली. सदाच्या कवटीत ती घणघणली.

“जाते,” अंबाजी म्हणाला. “ह्यो मानूस खोटं बोलत न्हाय. वाच पुढं.”

तीन पुस्तकं तीन आठवड्यांत संपली. चौथं घ्यायला सदा घरी आला तेव्हा आवडाबाईच्या हातात नुसता पुठ्ठा उरला होता. बाकीचं चौथं पुस्तक सुकटीभोवती गुंडाळून गावभर गेलं होतं.

“मला काय ठावं?” आवडाबाई म्हणाली. “आधीची तीन तू खाल्लीस, चौथं गिऱ्हाइकांनी नेलं.”

सदा घरोघर हिंडला. मनुबाईच्या घरी सतरावं-अठरावं पान सापडलं, चुलीजवळ, तेलकट. मनुबाईला वाचता येत नव्हतं. पण तिच्या जावयाने ते वाचून दाखवलं होतं आणि आता ती ते द्यायला तयार नव्हती.

“त्या बाईचा नवरा कपाळ टेकायला मागं-पुढं का करतोय, ते आधी सांग. दुसरी कोण हाय काय त्याची?”

“ते एकोणिसाव्या पानात असंल मनुबाय. एकोणिसावं कुणाकडं?”

“गोदूकडं. पण ती बोलत न्हाय माझ्याशी.”

गोदूकडे एकोणिसावं होतं आणि तिला अठराव्यात काय झालं ते हवं होतं. तिचं मनुबाईशी चार वर्षं वैर होतं. ते तिने त्या दिवसापुरतं बाजूला ठेवलं. अशी घरं निघत गेली. कुणाकडे गलबताला आग लागलेली, कुणाकडे ती विझलेली. एका म्हाताऱ्याकडे नुसता पृष्ठ क्रमांक आणि तीन ओळी होत्या. पण त्या त्याने पाठ केल्या होत्या आणि कुणी भेटलं की म्हणून दाखवायचा. आपापलं पान सोडायला कुणी तयार होईना. शेवटी ठरलं, की सगळ्यांनी आपापलं पान घेऊन दुपारी अंबाजीच्या अंगणात यायचं, नंबराने बसायचं आणि सदाने प्रत्येकाजवळ जाऊन ते वाचायचं. एकशेबारा पानं, छप्पन्न कागद, त्यातले एकावन्न हजर. उरलेल्या पाचांत काय झालं असेल ते अंबाजीने सांगितलं आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही.

पाचव्या पुस्तकात गलबत एका दुसऱ्याच जगातल्या दर्यावर उतरलं. त्या दर्यावर दोन चंद्र उगवायचे. थोरला तीस दिवसांत आपली फेरी पुरी करी, धाकटा बारा दिवसांत. सदाने हे वाचलं तेव्हा अंगणातल्या सगळ्यांनी एकदम वर बघितलं. भर दुपारी. आवडाबाईसुद्धा टोपली कडेवर घेऊन उभी राहिली होती, हे तिने नंतर नाकारलं.

पुढचं वाक्य असं होतं: ‘दररोज सकाळी ठीक सहा वाजता त्या दर्याला भरती येई.’

अंबाजी खाटेवर ताठ झाला. “काय म्हनला?”

“ठीक सहा वाजता.”

“रोज?”

“रोज.”

“दर्याच्या पोटात घड्याळ हाय काय?” अंबाजीला धाप लागली. “पाणी रोज दोन घटका मागं सरतं! तिथं तर दोन चांद! ज्याला शिवी कशी ऐकू जाते ते कळतं, त्याला भरती कळत न्हाय? ह्या मानसानं दर्या बघितला तरी हाय काय?”

पण राग तेवढ्यावर थांबला नाही, कारण पुस्तक संपत आलं होतं आणि शेवटच्या पानावर असं होतं: दोन्ही चंद्रांची अमावस्या एकत्र आली त्या दिवशी, सगळ्यांत मोठ्या पाण्यावर, गलबत एका वाळूच्या दांड्यावर चढलं. मग ‘पाणी ओसरून गेले. चाळीस माणसे वाळूवर उभी राहून ते परत कधी येईल याची वाट पाहू लागली. गलबतात चाळीस दिवसांचे धान्य होते.’ त्याखाली बारीक अक्षरांत, सहावा भाग छापत आहे. साल १९२४.

“सहावा कुठाय?” अंबाजीने विचारलं.

“गठ्ठ्यात पाचच होती मामा.”

“सात वर्षं झाली?”

“सात.”

अंबाजीने जाळं बाजूला ठेवलं. सूज आल्यापासून त्याने ते दिवसा कधी बाजूला ठेवलं नव्हतं. “चाळीस मानसं वाळूवर सोडून ह्यो घरी जाऊन निजला. तांडेल असं करत न्हाय सदा. मला ती वर आलेली बघायचीत. माझ्याकडं किती दिवस हायत ते त्या बहिऱ्यानं साऱ्या आळीला सांगितलंय. तू जा, आन् त्या मानसाला इथं घेऊन ये.”

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पत्ता होता: कोंडाजी रावजी शेडगे, घड्याळे दुरुस्त करणार, माणगाव. सदा भरतीबरोबर होडीने खाडीतून रोह्याला गेला, तिथून बैलगाडीने, आणि जिथे बैलांनी नकार दिला तिथून पायी.

माणगावच्या बाजारात दुकान लगेच सापडलं. भिंतीवर सतरा घड्याळं होती आणि सतरा वेळा दाखवत होती. खाली पन्नाशीचा एक बारका माणूस एका डोळ्याला भिंग लावून बसला होता.

“आपली पुस्तकं वाचली,” सदा म्हणाला.

माणसाने भिंग काढलं नाही. “कोणती?”

“पाचही.”

“कुणी पाठवलं तुला? चेष्टा करायला?”

“न्हाय ओ. खरंच वाचली.”

“गलबताची चावी कुणाच्या गळ्यात असते?”

“गळ्यात कशी असंल? बारा हात लांब हाय ती.”

कोंडाजीने आता भिंग काढलं. भिंगाखालचा डोळा दुसऱ्यापेक्षा ओला होता. “दोन प्रती खपल्या होत्या,” तो म्हणाला. “एक मी घेतली. दुसरी छापखानेवाल्याला वाईट वाटू नये म्हणून तीपण मीच.” मग उठून त्याने गजर होणारी तीन घड्याळं बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. “बोल.”

सदा बोलला. दाण्यावर ठेवलेल्या बोटाबद्दल, छप्पन्न कागदांबद्दल, मनुबाई आणि गोदूबद्दल. कोंडाजी मधेमधे “अख्खं गाव?” एवढंच विचारी. मग सदाने मामाचा निरोप सांगितला. “तुमच्या दर्याला पाणी रोज सहालाच कसं येतं, असं विचारलंय. आन् दर्या बघितलाय का, असं.”

कोंडाजीने भिंग पुसून ठेवलं.

“नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे भातशेती. श्रावणात खाचरं भरली की बांधावर उभं राहायचं आणि डोळे बारीक करायचे. तोच माझा समुद्र. भरती सहाला येते, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. त्या दिवशी आली असेल.”

“आन् सहावा भाग?”

“लिहिलाच नाही. त्या माणसांना वर काढता येत नाही मला.” त्याने टेबलाचा खण उघडला. आत कागदच कागद होते, आकड्यांनी भरलेले. “दोन्ही चंद्रांची अमावस्या एकत्र असताना गलबत चढलं. म्हणजे दोन्ही अमावस्या परत एकत्र येतील तेव्हाच तेवढं पाणी येणार. एकाचे तीस दिवस, दुसऱ्याचे बारा. साठाव्या दिवशी एकत्र येतात. धान्य चाळीस दिवसांचं. सात वर्षं मी साठाचे चाळीस करायला बघतोय.”

“धान्य वाढवा की. तुमचंच गलबत.”

“पाचव्यात छापून गेलंय.”

“मग चांद बदला.”

“चंद्र!” कोंडाजीने त्याच्याकडे असं बघितलं, जणू सदाने त्याला बायको बदलायला सांगितलं होतं. मग त्याने दुकानाला कुलूप लावलं.

रोह्यापासून खाली येताना होडी हलली आणि कोंडाजीने घाबरून डोक्यावरून घोंगडी घेतली ती रेवदंड्याच्या धक्क्यावर उतरल्यावरही काढली नाही. सकाळचे नऊ वाजले होते, तिथी चतुर्थी, पूर्ण ओहोटी. नारळीच्या वाडीतून सदाने त्याला हाताला धरून किनाऱ्यावर आणलं आणि घोंगडी काढली.

कोंडाजीने बघितलं. समोर ओल्या वाळूचं मैदान होतं आणि फार लांब एक करडी रेघ.

“कुठाय?” त्याने विचारलं.

“गेलाय. येईल.”

“कधी?”

“तीन वाजता,” मागून आवाज आला. अंबाजीची खाट चार जणांनी उचलून आणली होती. मागे आपापली पानं घेतलेला सगळा कोळीवाडा होता. “चतुर्थी हाय. तिथीची पाऊणपट कर. चारची पाऊणपट तीन. त्याला घड्याळ लागत न्हाय. तूच काय तो?”

“मीच,” कोंडाजी म्हणाला. त्याने अंबाजीचे पाय बघितले. खाटेशेजारी वाळूत बसला.

दोघं वाट बघत बसले. दहाच्या सुमाराला ती रेघ जाड झाली. मग तिला आवाज आला. मग वाळूतल्या खळग्यांत कुठूनसं पाणी आलं, ज्याला कुणी आणलं नव्हतं. एकेक खळगा भरून दुसऱ्याला मिळायला लागला. कोंडाजीचं तोंड उघडं राहिलं होतं. सतरा घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच चावी न दिलेली, कधीच न थांबणारी गोष्ट बघितली होती. “एवढं सगळं,” तो हळूच म्हणाला, “आणि ओढतोय कोण, तर तो चंद्र. इतक्या लांबून.”

“तुझ्याकडं दोन हायत,” अंबाजी म्हणाला. “चल, हिशेब करू. माझा उजवा हात थोरला चांद, डावा हात धाकटा. सांग.”

कोंडाजीने सांगितलं. साठ दिवस. अंबाजी अंगठ्याने दोन्ही हातांच्या बोटांची पेरं मोजत होता आणि मधेच थांबला.

“तिसाव्या दिवशी काय हाय?”

“तिसाव्या दिवशी थोरल्याची अमावस्या. धाकट्याच्या अडीच फेऱ्या, म्हणजे पौर्णिमा. एक या बाजूला, एक त्या बाजूला. एक इकडे ओढणार, दुसरा तिकडे. पाणी मधेच राहणार.”

अंबाजी त्याच्याकडे बघत राहिला. मागे मनुबाईला हसू फुटलं. गोदूने तिला कोपर मारलं, चार वर्षांत पहिल्यांदा मैत्रीने.

“पुनवेला सूर्य आन् चांद कसं असतात?” अंबाजीने विचारलं.

“समोरासमोर.”

“आन् अवसेला?”

“एकाच बाजूला.”

“उधाण कधी येतं?”

“अमावस्येला.” कोंडाजी थांबला. “अमावस्येलाच ना?”

“दोनी येळेला!” अंबाजीच्या आधी आवडाबाईच ओरडली. “पुनवेला पण! पोरांना ठावं हाय ओ!”

“शेजारी असूं देत न्हायतर समोरासमोर,” अंबाजी म्हणाला. त्याने दोन्ही हात पसरले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. “दोघं एका रेषेत आलं की पाणी दोनी अंगांनी फुगतं. एकमेकाचं खात न्हाईत ते. तिसाव्या दिवशी येईल बघ पाणी. चढलं होतं तेवढंच. थोरल्याची अवस, म्हंजे भर बाराला.”

कोंडाजीने वाळूत बोटाने एक गोल काढला. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके दिले. मग गोलातून दोन्ही ठिपक्यांपर्यंत एकच सरळ रेघ ओढली.

“तीस,” तो अखेर म्हणाला. “दहा दिवसांचं धान्य उरतं.” आणि सगळ्यांसमोर, पन्नाशीचा माणूस, रडायला लागला.

“रडू मागनं,” अंबाजी म्हणाला. “आधी माझी मानसं काढ.”

आवडाबाईने स्वतःहून रद्दी आणली. वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर कोंडाजी लिहायला लागला, आणि लिहिलेलं पान सदा मोठ्याने वाचायला लागला. अंबाजी खाटेवरून हुकूम देत होता. आधी नांगर लांब नेऊन खोल पाण्याच्या बाजूला टाका. म्हाताऱ्यांना पहिलं चढवा. दोर ताणलेला ठेवा, पाणी लागलं की गलबत मागे ओढायचं, पुढे नाही. कोंडाजी मान न उचलता “बरं, बरं” म्हणत ते उतरवून घेत होता. तिसाव्या दिवसाची सकाळ झाली. थोरला चंद्र दिसत नव्हता, धाकटा पश्चिमेला मावळत होता, आणि वाळूवरच्या माणसांना लांबून आवाज आला. पानं धरून उभ्या असलेल्या रेवदंडेकरांना तोच आवाज कागदातून आला की समोरच्या दर्यातून, ते कळेना. गलबत हललं. माणसं एकेक करून वर चढायला लागली आणि अंबाजी मोठ्याने मोजायला लागला. मधे धाप लागली की तेवढा वेळ गलबतही थांबायचं.

खऱ्या पाण्याने खाटेचे पाय गाठले. कोंडाजीची मांडी भिजली.

“खाट उचला रं,” आवडाबाई म्हणाली. “दादा भिजंल.”

अंबाजीने हात वर केला. “थांब. अजून चौघं ऱ्हायलीत खाली.”

खाट कुणी उचलली नाही. कोंडाजीने कागद पाण्याच्या वर धरला आणि सदतिसाव्याला वर घेतलं.